एकवीस अंशांची आगळीक

सोमवार, १० मार्च १९९७

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, माझ्याच दारात, माझ्यावर अन्याय झाला. वेळ भिंतीवरच्या घड्याळात पाहिली आणि मनगटावरच्याशी ताडून घेतली. पुढेमागे तक्रार करायची झाली तर 'सकाळी कधीतरी' असं लिहिणाऱ्यांतली मी नाही.

पितांबर मिस्तरी माझ्या दुर्बिणीचं माउंट, म्हणजे तिला पेलून फिरवणारा लोखंडी सांगाडा, घेऊन आले. हा माणूस डाळमिलची यंत्रं बनवतो, राहतो आसोद्याला, आणि शब्दाचा पक्का म्हणून सगळ्या जळगावात त्याचं नाव आहे. टेम्पोतून चार माणसांनी ते धूड उतरवलं. ट्रकचा ॲक्सल, डाळमिलचं दातेरी चाक, तोलाला दाणा बाजारातली वीस किलोची दोन मापं. मजबुतीबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचा वेल्डर झुलाल म्हणाला, "अक्का, बठ्ठं पक्कं शे. हत्ती बसाडा वर." मी म्हटलं, हत्ती मला बसवायचा नाही.

पण मुख्य दांडा! आकाश ध्रुवताऱ्याभोवती फिरतं, म्हणून माउंटचा मुख्य दांडा नेमका ध्रुवाकडे रोखलेला हवा. त्याभोवती दुर्बीण हळूहळू फिरवत राहिलं की तारा फिल्मवर एका जागी थांबतो आणि दहा मिनिटांचा फोटोसुद्धा स्वच्छ येतो. हे सगळं माझ्या इंग्लंडहून मागवलेल्या पुस्तकात आहे. पान चौऱ्याऐंशीवरची आकृती मी स्वतः ट्रेसिंग पेपरवर उतरवून दिली होती. दांड्याचा तिरपेपणा जमिनीपासून बावन्न अंश. आणलेला दांडा आजारी माणसासारखा आडवा झालेला. कंपासपेटीतला कोनमापक लावला. एकवीस.

"बावन्न सांगितले होते, मिस्तरी."

"व्हय अक्का. पन मी काय म्हन्तो, आयकून त घ्या. आपल्याकडे ध्रुव इतका वर नसतो. आसोद्याले मी गच्चीवर पाइप लावून पाह्यलं, त केयीच्या शेंड्यावर—"

"मिस्तरी, हे पुस्तक छापलेलं आहे."

ते गप्प बसले. केळीच्या शेंड्यावरून विज्ञान ठरायला लागलं तर बघायलाच नको. एकवीस! हा आकडा कुठून काढला कोण जाणे.

बुधवार, १२ मार्च

रागाच्या भरात निर्णय घेऊ नये, म्हणून दोन दिवस थांबले. राग तेवढाच आहे, पण आता नीट घडी घातलेला आहे.

ज्याच्या फोटोसाठी हा सगळा खटाटोप, तो धूमकेतू सध्या पहाटे दिसतो. महिनाअखेरीपासून संध्याकाळी, दिवेलागणीनंतर वायव्येला दिसेल, एप्रिलच्या मध्यापर्यंत उत्तम. नंतर तो जाईल आणि सुमारे दोन हजार चारशे वर्षांनी परत येईल. तोवर माझी पेन्शन बंद झालेली असेल.

आमच्या खगोल मंडळाचे अध्यक्ष बन्सीलालशेठ कापडवाले वीस एप्रिलला शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवतायत. मधल्या मोठ्या फळ्यावर जळगावात काढलेला धूमकेतूचा फोटो लावायचा. तो मी काढणार असं मी भर सभेत सांगून बसले आहे. सभेला सात जण होते, त्यातले तीन चहासाठी आलेले, पण सांगितलं ते सांगितलं. बारा एप्रिलच्या आत फोटो नाही मिळाला तर शेठ तिथे स्वतःचा फोटो लावणार आहेत, दुर्बिणीवर हात ठेवून उभे असतानाचा. "ताई, रिटायर झाल्यावर बायका लोणची घालतात," असंही म्हणाले. मी म्हटलं, "आणि पुरुष अध्यक्ष होतात."

धुळ्याच्या दवाखान्यात तेहतीस वर्षं मी एक्स-रे काढले. हजारो फोटो, आणि प्रत्येकात काहीतरी मोडलेलं. एक तरी असा काढायचा आहे ज्यात काही मोडलेलं नाही. हे शेठना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

तर माउंटचं पुन्हा पहिल्यापासून. मुंबईच्या एका आयातदाराचं पत्र आलंय: माल परदेशातून सहा महिन्यांत येईल, आणि वापराचा हेतू कळवावा. हेतू सहा महिन्यांत निघून गेलेला असेल. नाशिकहून आणलेलं बन्सीलालशेठचं तिपाई माउंट आहे. शेठ ते उसनं द्यायला तयार आहेत, हेच संशयास्पद आहे. राहिले पितांबर मिस्तरी.

शनिवार, १५ मार्च

तिपाईची परीक्षा घेतली. माझी दुर्बीण म्हणजे आठ इंची आरसा, तो मी दोन वर्षं हाताने घासलाय, आणि नळी शेतीच्या पाइपची. कॅमेऱ्यासकट सव्वीस किलो. शेठनी कॅटलॉग वाचून दाखवला: "हेवी ड्यूटी, बरं का ताई." मी नळी अलगद ठेवली. तिपाईने आधी एक पाय पुढे केला, मग दुसरा, आणि देवासमोर लोटांगण घालावं तशी पसरली. आरसा वाचला, कारण नळी शेठच्या पोटावर आली.

"हलू नका, श्वास रोखा," मी म्हणाले. सवय. तेहतीस वर्षं दिवसातून चाळीसदा म्हटलंय. शेठनी खरोखर रोखला. नळी उचलेपर्यंत चेहरा जांभळा झाला होता.

म्हणजे वजन पेलणारा एकच माणूस उरला, आणि त्याला अंश कळत नाहीत.

सोमवार, १७ मार्च

मिस्तरींच्या शेडवर गेले. आकृती पुन्हा समोर ठेवली. झुलालने ती उलटी धरून पाहिली, मग सुलटी, आणि म्हणाला, "मालक सांगस तसं मी जोडस. पन अक्का, हाई कापानं म्हंजे मना जीववर येस."

मिस्तरींनी लोखंडी पाचरीवर हात फिरवला. हीच पाचर दांड्याखाली बसते आणि तिरपेपणा ठरवते. "नट काढले का पाचर सुटते. कापाची गरज नाही. दुसरी बनवून देतो, बावन्नची." मग म्हणाले, "अक्का, एकडाव रातच्याले ध्रुवाकडे बोट करून पाह्यजा. बोट किती वर जातं ते."

मी म्हटलं, बोटं दाखवायचं मला शाळेत शिकवलेलं नाही. आमच्या शाळेत सिस्टर ॲग्नेस बोट दाखवलं की त्यावर पट्टी मारायची. ते हसले. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

शनिवार, २२ मार्च

बावन्नची पाचर बसली. माउंट गच्चीवर चढवलं. आता कसं ऐटीत उभं आहे, पुस्तकातल्यासारखं. खालच्या मजल्यावरच्या धुरपदाबाई कुरडया वाळत घालायला वर आल्या आणि दांड्याकडे बघत राहिल्या. "हे पाडव्यापर्यंत असेल ना?" का, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी बन्सीलालशेठचा प्रदर्शनाचा फॉर्म भरला. नाव: कुमुद बिऱ्हाडे, निवृत्त तंत्रज्ञ. ठिकाण: मेहरूण, जळगाव. अक्षांश ॲटलासमध्ये पाहून लिहिले: २१ उत्तर. रेखांश साडेपंचाहत्तर. हौस म्हणून मिस्तरींच्या सांगण्याप्रमाणे दांड्याच्या रेषेत ध्रुव शोधला. तो रेषेत नाही, बराच खाली आहे. उन्हाळ्यात हवेत धूळ असते, तिचा परिणाम असावा.

गुरुवार, २७ मार्च

साडेसातला धूमकेतू दिसला. काय सांगू. मेहरूणच्या तलावापलीकडे, नुसत्या डोळ्यांनी, पिसारा वर करून. पाच मिनिटं मी कॅमेऱ्याला हातच लावला नाही.

मग कामाला लागले. कॅमेरा नळीच्या पाठीवर. दुर्बिणीतून धूमकेतूचं डोकं मधोमध धरायचं आणि दर मिनिटाला हँडल पाव फेरा फिरवायचं. पाव फेरा फिरवला. धूमकेतू बाजूला गेला. परत आणला. पुन्हा गेला, आणि तिरका गेला, गर्दीत ओळखीचं माणूस चुकवणाऱ्यासारखा. दहा मिनिटांत चौदा वेळा पकडून आणला. या धूमकेतूचा वेग पेपरात छापलाय त्याहून जास्त असला पाहिजे.

रविवार, ३० मार्च

न्हाणीघराच्या दाराला घोंगडी लावून फिल्म धुतली. धूमकेतूच्या जागी केरसुणी आली आहे. तारे म्हणजे तिच्या सुटलेल्या काड्या.

कारणं शोधली. धुरपदाबाई त्या वेळी गच्चीवर कुरडया उचलत होत्या आणि त्यांचं पाऊल जड आहे. त्यांना लेखी कळवलं की सायंकाळी सात ते साडेआठ गच्चीवर चालू नये. त्यांनी त्याच कागदात चार कुरडया बांधून परत पाठवल्या. याला उत्तर म्हणायचं की नाही, ठरलेलं नाही.

बुधवार, २ एप्रिल

पुन्हा केरसुणी. धुरपदाबाई खालीच होत्या. मी स्वतःही श्वास रोखला होता.

वीज मंडळाला कोपऱ्यावरच्या दिव्याबद्दल पत्र टाकलं. कॅमेऱ्याच्या कंपनीला मसुदा तयार आहे. धूमकेतूला पत्ता नाही.

तेहतीस वर्षांत माझ्या हातून उजव्याचा डावा झाला नाही, खांद्याच्या फोटोत कोपर आलं नाही. आता सगळ्या आकाशात एकच वस्तू टिपायची आहे, जिल्ह्यातल्या प्रत्येकाला ती न हलता दिसते, आणि माझ्याच फोटोत ती हलते. जेवण गेलं नाही.

शनिवार, ५ एप्रिल, दुपारी तीन

बेचाळीस अंश तापमान. पंख्याखाली पुस्तक उघडलं तर पान चौऱ्याऐंशीवरची चिकटपट्टी उन्हाने सुटून कुरळी झालेली. ट्रेसिंग पेपर हलू नये म्हणून फेब्रुवारीत मीच ती आकृतीच्या खाली लावली होती. पट्टीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ निघाली. सारांश असा: ही आकृती लंडन शहरासाठी आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या गावाच्या अक्षांशाइतकाच वर असतो. वाचकाने दांडा तेवढाच तिरपा ठेवावा.

लंडन. बावन्न.

प्रदर्शनाच्या फॉर्मची कार्बन कॉपी काढून पाहिली. माझ्याच अक्षरात: २१ उत्तर.

इतकी महत्त्वाची गोष्ट मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती. प्रकाशकाला पत्र लिहायचं आहे.

त्याच दिवशी, सायंकाळी साडेसात

गच्चीवर गेले. कुणी बघत नाही याची खात्री करून ध्रुवाकडे बोट केलं. बोट फार वर गेलं नाही. टाकीच्या पाइपाच्या जरासं वर. कुणी केळ लावली असती तर तिच्या शेंड्यावर.

सोमवार, ७ एप्रिल

काल शेड बंद होती. आज गेले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते आणि एकही आवडत नव्हतं.

शेवटी म्हणाले, "मिस्तरी, तुमची चूक एकदा प्रत्यक्ष तपासून पाहावी, असं मी ठरवलं आहे. ती एकवीसची पाचर आता भंगारात गेली असेल. नवी करायला किती दिवस लागतील?"

मिस्तरी उठले, मागच्या खोलीत गेले आणि पाचर घेऊन आले. तेल लावून, पोत्यात गुंडाळलेली. वर खडूने लिहिलं होतं: 'अक्का'.

"भंगारात टाकली नाही?"

"तुमी येसान, मले ठाव व्हतं."

"कशावरून?"

"ध्रुव त कुठं जात नाही, अक्का. मंग तुमालेच यावं लागन."

झुलाल वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "आते पुन्हा कापानं नही ना?" मी म्हटलं, नाही. त्याने मोठ्याने नारळ फोडायची गोष्ट काढली. त्याला गप्प केलं. मिस्तरी एकदाही 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाले नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर तीनदा म्हटलं असतं, एकदा इंग्रजीत.

मंगळवार, ८ एप्रिल. गुढीपाडवा

सकाळी साडेसहाला दोघं येऊन पाचर बदलून गेले. सातला धुरपदाबाई काठी, रेशमी खण, साखरेची गाठी आणि तांब्या घेऊन वर आल्या आणि किंचाळल्या.

"अहो बाई, कालपर्यंत गुढीला कसं बरोबर होतं! आज कशाला निजवलं त्याला?"

म्हणजे बावन्न अंश सबंध जळगावात एकाच कामाचे होते. त्यांचा चेहरा पाहून मी काठी दांड्याला बांधू दिली. गुढी अशी आडवी झाली की तांब्या शेजारच्यांच्या खिडकीपाशी गेला आणि त्यांना वाटलं पाणी मागतोय. सूर्यास्ताला गुढी उतरेपर्यंत ढग आले होते. वायव्य सगळी झाकलेली, उत्तर तेवढी उघडी. दांड्याच्या रेषेत मात्र आज ध्रुव होता. अगदी टोकावर, ठेवल्यासारखा. धूळ कालच्याइतकीच होती.

बुधवार, ९ एप्रिल

आकाश स्वच्छ. कोवळी चंद्रकोर, तिचा उजेड नावापुरता. गच्चीवर मिस्तरी, झुलाल, धुरपदाबाई आणि बन्सीलालशेठ. शेठ म्हणे सहज आले होते, हातात त्यांच्या फोटोची फ्रेम होती, मापासाठी.

सात बावन्नला शटर उघडलं. "कोणी हलू नका. श्वास रोखा."

हँडल पाव फेरा. दुर्बिणीत पाहिलं. धूमकेतू जागेवर. पुन्हा पाव फेरा. जागेवर. सहा मिनिटं झाली, सात झाली, आणि तो हलला नाही, जणू सिस्टर ॲग्नेसने त्याला बाकावर उभं केलं होतं. माझेच डोळे भरून आले, त्यामुळे एकदा तो हलल्यासारखा वाटला. तो दोष माउंटचा नव्हे.

दहाव्या मिनिटाला शटर बंद केलं आणि मागे धप्प आवाज झाला. बन्सीलालशेठ कुरडयांवर बसले होते.

"शेठ, काय झालं?"

"तुम्ही... श्वास... सोडा म्हणालाच नाहीत!"

"दहा मिनिटं रोखलात?"

"थोडा थोडा घेत होतो," शेठ म्हणाले. "पण चोरून."

शुक्रवार, ११ एप्रिल

फिल्म धुतली, मग फोटो छापायला घेतला. न्हाणीघरातल्या लाल दिव्यात, ट्रेमध्ये, कागदावर आधी डोकं उमटलं, मग पिसारा, मग त्याच्या शेजारी दुसरा, बारीक आणि सरळ, तो मला डोळ्यांनी दिसलाच नव्हता. तारे सगळे ठिपके. एकसुद्धा काडी नाही.

तेहतीस वर्षांच्या सवयीने मी फोटो उजेडाला धरला आणि मोडलेलं कुठे आहे ते शोधत राहिले. सापडलं नाही.

संध्याकाळी बन्सीलालशेठच्या दुकानात फोटो पोचता केला, एक दिवस आधी. पोच घेतली.

रविवार, १३ एप्रिल

शेठचा निरोप: फोटोखाली कुणाचं नाव घालायचं? उद्या चौदा एप्रिल, पोस्ट बंद, म्हणून खालील पत्र परवा रजिस्टरने जाईल. नक्कल इथे ठेवते.

श्री. पितांबर मिस्तरी, आसोदा, यांस—

दिनांक १० मार्च १९९७ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आपण माझ्या आकृतीच्या विरुद्ध माउंट आणून दिलेत. या प्रकाराची चौकशी मी स्वतः पूर्ण केली आहे. आकृती लंडनची होती आणि माउंट जळगावचं होतं, असं चौकशीत आढळून आलं.

ही गोष्ट आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होती. तरीही मी एकदा बोलल्यावर आपण गप्प बसलात. हा आपला दोष आहे. माझ्यासारख्या माणसाला दोनदा सांगावं लागतं, आणि दुसऱ्यांदा जरा ओरडून. पुढील वर्षी मला याहून मोठ्या दुर्बिणीचं माउंट बनवून घ्यायचं आहे, त्या वेळी ही चूक होऊ नये. ओरडावं.

प्रदर्शनात छायाचित्राखाली दोन नावं छापायची आहेत. तरी आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, सुवाच्य अक्षरात लिहून शुक्रवार, दिनांक १८ एप्रिल १९९७, सायंकाळी पाच वाजेच्या आत माझ्या हाती पडेल असं पाठवावं. तोंडी उत्तर चालणार नाही. 'राहू द्या अक्का' हे उत्तर तर मुळीच चालणार नाही.

मुदतीत लेखी उत्तर न आल्यास मी 'पितांबर मिस्तरी' एवढंच छापायला देईन, मोठ्या अक्षरांत, आणि माझं नाव त्याखाली, मुंगीएवढं.

कु. कुमुद बिऱ्हाडे
मेहरूण, जळगाव. अक्षांश २१ उत्तर.